टेमेरेअर ते त्रिंकोमाली : बाबांबरोबर जहाजं बघताना

शनिवार : नॅशनल गॅलरी, लंडन

‘द फायटिंग टेमेरेअर’ हे चित्र वाटतं त्यापेक्षा लहान आहे. जेमतेम चार फूट रुंद आणि तीन फूट उंच. वीस पौंडांच्या नोटेवर हे काढणाऱ्या टर्नरच्या चेहऱ्यामागे हेच जहाज छापलंय, त्यामुळे या देशात राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या खिशातून ते कधी ना कधी गेलेलं असतं. पण नोटेवर ती मावळती कुठून येणार? उजवीकडे नारिंगी, तांबडा, पिवळा असा सगळा पसारा, डावीकडे निळसर थंड उजेडात चंद्राची कोर, आणि त्या कोरीखाली भुतासारखं पांढुरकं, उंच, शांत असं ते जुनं लढाऊ जहाज. पुढे काळी, बुटकी, धूर ओकणारी टगबोट त्याला ओढत नेतेय. भंगारात.

बाबा चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “टगचं धुराडं डोलकाठीच्या पुढे कसं? असं नसतं.”

बाबा माझगाव डॉकचे. फिटर म्हणून लागले, फोरमन होऊन निवृत्त झाले. आमचं गाव हर्णै. म्हणजे लहानपण होड्यांच्या शेजारी आणि नोकरी युद्धनौकांच्या पोटात. माझ्याकडे लेस्टरला राहायला आले तेव्हा विमानतळावरच सांगून टाकलं, “बाय, राजवाडे नकोत. शिडाची जहाजं दाखव.” मी म्हटलं, दाखवते, पण मधे मधे चित्रं बघावी लागतील. मला चित्रांचा नाद. सौदा ठरला.

तर धुराड्याबद्दल बाबांचं बरोबर होतं. हे चित्र पुढे छापण्यासाठी धातूच्या पत्र्यावर कोरलं गेलं तेव्हा कोरणाऱ्याने धुराडं गुपचूप डोलकाठीच्या मागे नेलं होतं, आणि टर्नर त्यावर भडकला होता. त्याला ते पुढेच हवं होतं. काळा धूर आधी, शिडं मागे.

टर्नरने केलेले फेरफार एवढ्यावर थांबत नाहीत. ‘टेमेरेअर’ ९८ तोफांचं जहाज, १७९८ साली चॅटमच्या गोदीतून पाण्यात उतरलं. १८०५ च्या ट्रॅफल्गरच्या लढाईत इंग्रज ॲडमिरल नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’च्या पाठोपाठ होतं, आणि ‘व्हिक्टरी’ फ्रेंच ‘रदुताब्ल’च्या तावडीत सापडलं तेव्हा मदतीला धावून गेलं. १८३८ च्या सप्टेंबरात शीअरनेसहून टेम्स नदीतून लंडनच्या रॉदरहाइदपर्यंत ते ओढून आणलं ते लाकडासाठी तोडायला. तोवर नौदलाने तोफा, डोलकाठ्या, दोरखंड सगळं काढून घेतलं होतं. म्हणजे खरं दृश्य होतं एका बोडक्या, अवजड सांगाड्याचं. ओढायला टगही एक नव्हती, दोन होत्या. शिवाय रॉदरहाइदकडे जायचं म्हणजे पश्चिमेला जायचं. मग मावळता सूर्य जहाजाच्या पाठीशी कसा?

“मग ह्याने खोटंच काढलंय,” बाबा म्हणाले.

मी टर्नरची बाजू घेतली. तो काही पंचनामा करत नव्हता, वगैरे. विकत मागणाऱ्यांना त्याने हे चित्र कधी दिलं नाही, ‘माझी लाडकी’ म्हणायचा तो त्याला, आणि मृत्यूनंतर ते देशाला मिळालं. बाबांनी ऐकून घेतलं. पटलं नाही हे कपाळावर दिसत होतं.

टर्नरच्या मृत्युपत्रात आणखी एक अट होती. त्याची दोन चित्रं क्लोद लोरँ या सतराव्या शतकातल्या चित्रकाराच्या दोन चित्रांशेजारी कायम टांगावीत, ही. ती आजही तशी टांगलेली आहेत. क्लोदने १६४८ साली काढलेल्या बंदरात शेबाची राणी जहाजावर चढायला निघालीय, दोन्ही बाजूंना खांबांचे महाल, मधे समुद्र आणि बरोबर समोर सूर्य. शेजारी टर्नरचं ‘कार्थेज उभारणारी डायडो’, तोच सूर्य, तेच पाणी. आपलं चित्र गुरूच्या शेजारी लावून ‘बघा आता’ म्हणायला छातीच लागते. मला विचाराल तर क्लोदचं पाणी जास्त ओलं आहे.

बाबांचा चेहरा खुलला तो डच दालनात. विलेम व्हान दे वेल्दे, धाकटा. वारा पडलेला, शिडं ढिली सोडलेली, पाण्यात सावल्या स्थिर. एका छोट्या बोटीवर कुणीतरी दोर आवरतोय. बाबा चष्मा कपाळावर सरकवून इतके जवळ गेले की पहारेकरी बाई खुर्चीतून अर्धवट उठल्या. “हा माणूस बोटीवर राहिलेला आहे,” बाबा म्हणाले. “दोर बघ. प्रत्येक दोर कुठून निघून कुठे बांधलाय ते कळतंय. ही बोट चालेल.”

तेव्हापासून आठवडाभर प्रत्येक चित्राची परीक्षा हीच: ही बोट चालेल का?

रविवार : शूटर्स हिल

लंडनच्या आग्नेयेला, ग्रिनिचच्या पलीकडे शूटर्स हिल नावाची टेकडी आहे. तिथल्या रानात झाडांच्या वर डोकं काढून एक तिकोनी विटांचा मनोरा उभा आहे. नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. हर्णैच्या माणसाला हे नाव ओळखायला वेळ लागत नाही. सुवर्णदुर्ग.

बाबांना मी आधी काहीच सांगितलं नव्हतं. फाटकाजवळची पाटी त्यांनी वाचली, मग पुन्हा वाचली. “आमचा?”

आमचाच. २ एप्रिल १७५५ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई आरमाराचा कमोडोर विल्यम जेम्स याने तुळाजी आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग घेतला. पुढे तो श्रीमंत झाला, सर झाला, १७८३ मध्ये वारला. दुसऱ्या वर्षी त्याच्या बायकोने नवऱ्याची आठवण म्हणून हा मनोरा बांधून घेतला. आत पूर्वी किल्ल्यावरून आणलेली हत्यारं मांडलेली असत. आता खाली चहाचं दुकान आहे. आम्ही गेलो तेव्हा केक चांगला होता.

गच्चीवरून लंडन पसरलेलं दिसतं, आणि टेम्सचं वळण. बाबा मात्र उलट्या दिशेला बघत होते, जणू तिकडे कुठेतरी फत्तेगड, कनकदुर्ग आणि मासळीचा लिलाव दिसायचा होता. मला राहवलं नाही, मी इतिहास उकरला. सुवर्णदुर्ग इंग्रजांनी एकट्याने घेतलाच नव्हता. नानासाहेब पेशव्यांचा आणि कंपनीचा तुळाजीविरुद्ध करार झाला होता, जमिनीवरून पेशव्यांची फौज होती, पाण्यातून जेम्स. किल्ला पेशव्यांना मिळाला आणि मोबदल्यात बाणकोट इंग्रजांना. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर गेले आणि तिथे नांगरलेलं आंग्र्यांचं सगळं आरमार, गुराबा म्हणजे मोठी लढाऊ जहाजं, आणि गलबतं, एका दुपारी जळून गेलं. त्या आगीचंही एक तैलचित्र आहे. डॉमिनिक सेरेस नावाच्या मूळ फ्रेंच चित्रकाराने १७७१ साली काढलेलं, ग्रिनिचच्या संग्रहातलं. मी ते फोनवर दाखवलं. इंग्रजांची जहाजं शिडं फुगवून ऐटीत, मागे किल्ला धुरात.

“आग छान काढलीय,” बाबा म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “आपल्याकडे कुणी काढलं नाही ना पण. गुराब कशी दिसायची ते शेवटी ह्यांच्याच चित्रात बघायचं.”

हे मात्र मला लागलं. आंग्र्यांच्या आरमाराबद्दल आपण पोवाडे गाऊ, पण तीन डोलकाठ्यांच्या गुराबेचा नाळेकडचा, म्हणजे पुढच्या टोकाचा, भाग नेमका कसा होता, हे सांगणारी चित्रं बहुतेक शत्रूच्या हातची.

सोमवार : नदीमार्गे ग्रिनिच

ग्रिनिचला रेल्वेनेही जाता येतं, पण वेस्टमिन्स्टरहून होडीने जावं. टॉवर ब्रिज मागे पडला की उजव्या हाताला रॉदरहाइद येतं. विटांची जुनी गोदामं, आता महागडी घरं. इथेच कुठेतरी काठाला ‘टेमेरेअर’चा सांगाडा लागला. जॉन बीटसन नावाच्या लाकूडवाल्याने तो नौदलाकडून ५,५३० पौंडांना घेतला होता.

ग्रिनिचच्या क्वीन्स हाउसमध्ये गोल जिना आहे, मधे खांब नाही, पायऱ्या एकमेकींच्या आधाराने वर चढत जातात. सगळे त्याचे फोटो काढतात, आम्हीही काढले. पण या घराची खरी गोष्ट खालच्या मजल्यावरची. थोरले आणि धाकटे व्हान दे वेल्दे, बापलेक, यांची चित्रशाळा इथे होती. थोरल्याचं वैशिष्ट्य असं की तो लढाई ऐकून काढायचा नाही, बघून काढायचा. डच आरमाराबरोबर छोट्या गलबतात बसून तोफांच्या माऱ्यात जायचा आणि कागदावर रेघोट्या ओढत बसायचा. १६६६ च्या चार दिवसांच्या लढाईत तो तसाच हजर होता. १६५३ च्या स्खेव्हेनिंगेनच्या लढाईचं त्याचं एक चित्र आहे, पांढऱ्या जमिनीवर नुसत्या लेखणीने काढलेलं. त्यात त्याने स्वतःचं गलबत आणि त्यात चित्र काढत बसलेला स्वतः, दोन्ही काढलंय.

मग १६७२ च्या हिवाळ्यात हे बापलेक इंग्लंडला आले. इंग्रज आणि डचांचं युद्ध संपलेलं नव्हतं. कालपर्यंत डचांची जहाजं काढणारे आज दुसऱ्या चार्ल्सच्या पगारावर. वर्षाला शंभर पौंड बापाला, लढायांची रेखाटनं करण्यासाठी, आणि शंभर मुलाला, त्या रेखाटनांत रंग भरण्यासाठी.

“बाप फिल्डवर, पोरगा ड्रॉइंग ऑफिसात,” बाबा म्हणाले. त्यांना ही व्यवस्था फार पसंत पडली.

माझ्या मनात मात्र इथे काहीतरी हललं. मी कॉलेजपासून टर्नरची भक्त. पण टर्नरच्या ‘ट्रॅफल्गर’समोर, त्याच्या सगळ्यांत मोठ्या चित्रासमोर, त्या दिवशी मला जरा कंटाळाच आला. बारा फूट रुंदीचं ते चित्र चौथ्या जॉर्ज राजाने सांगून करून घेतलं. त्यात ‘व्हिक्टरी’वर सकाळचा संदेश फडकतोय, दुपारची डोलकाठी कोसळतेय, संध्याकाळची आग लागलीय आणि दुसऱ्या दिवशी बुडालेलं जहाज बुडतंय, सगळं एकाच क्षणी. लढाईतल्या खलाशांनी तेव्हाच नाकं मुरडली होती. राजानेही काही वर्षांत चित्र ग्रिनिचच्या नौसैनिकांच्या रुग्णालयाला देऊन टाकलं. चित्र म्हणून थोर आहे, नाही कोण म्हणतं. पण मला तो डच म्हातारा आठवत राहिला, होडी हेलकावे खातेय, गोळे सुटताहेत आणि हा पेन्सिलीने डोलकाठ्या मोजतोय. थोरपणापेक्षा ही चिकाटी मला त्या दिवशी मोठी वाटली.

नेल्सनचा कोट काचेत आहे. डाव्या खांद्यावर गोळीचं भोक. एवढंसं.

आणखी एक चित्र शोधून बघण्यासारखं. जमशेटजी बमनजी वाडिया यांचं तैलचित्र. पांढरा झगा, पारशी पगडी, हातात कर्कटक आणि कमरेच्या शेल्यात खोचलेली चांदीची मोजपट्टी, कंपनीने बक्षीस दिलेली. लव्हजी नुसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि पिढ्यान् पिढ्या या घराण्याने मुंबईच्या गोदीत जहाजं बांधली, कंपनीसाठी आणि नंतर ब्रिटिश नौदलासाठीही. चारी बाजूंना ॲडमिरल, राजे, लॉर्ड, आणि त्यांच्या मधे हा एक कारागीर. हत्यार म्हणून तलवारीऐवजी मोजपट्टी. बाबांनी इथे माझ्याकडून फोटो काढून घेतला. आठवड्यातला त्यांनी मागितलेला पहिला फोटो.

दुपारनंतर ‘कटी सार्क’. १८६९ मध्ये स्कॉटलंडच्या डम्बार्टनला बांधलेलं चहाचं जहाज. २२ नोव्हेंबरला पाण्यात उतरलं, आणि पाचच दिवस आधी सुएझ कालवा सुरू झाला होता. नशीब म्हणतात ते असं. कालव्यातून आगबोटी सरळ चीनला जाऊ लागल्या, तांबड्या समुद्राचे वारे शिडांना मानवणारे नाहीत, आणि जगातलं एक अतिवेगवान शिडाचं जहाज धंद्यात उतरल्या दिवसापासून जुनं झालं. चहा त्याने आठच वेळा आणला. खरं नाव कमावलं ते नंतर ऑस्ट्रेलियाची लोकर आणताना, सिडनी ते लंडन ७३ दिवसांत. मग पोर्तुगीजांना विकलं गेलं, परत विकत घेतलं गेलं, १९५४ पासून ग्रिनिचच्या कोरड्या गोदीत उभं आहे. २००७ मध्ये दुरुस्ती चालू असताना आग लागली, पण बरेच भाग आधीच काढून दुसरीकडे ठेवलेले होते म्हणून वाचलं.

आता ते जमिनीपासून तीन मीटर उचलून ठेवलंय आणि त्याच्या तळाखालून चालता येतं. हे दृश्य चुकवू नका. सांगाडा लोखंडाचा, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर पितळेसारख्या धातूचा पत्रा. खाली उभं राहून नाळेकडे बघितलं की सुरीच्या पात्यासारखी धार दिसते. बाबा तळाखाली तासभर फिरले. वरच्या डेकवर त्यांनी दहा मिनिटं घालवली. नाळेवरच्या बाईच्या हातात घोड्याची शेपटी का, हे मात्र विचारलं. ती रॉबर्ट बर्न्सच्या कवितेतली चेटकीण आहे, तोकडा झगा घातलेली. घोडेस्वार निसटला आणि शेपटी तेवढी हातात राहिली. जहाजाचं नावही त्या झग्यावरूनच.

मंगळवार

पाऊस. दुपारी थोडा थांबला तेव्हा रॉदरहाइदच्या सेंट मेरी चर्चमध्ये जाऊन आलो. ‘टेमेरेअर’च्या लाकडाच्या दोन खुर्च्या आणि एक टेबल तिथे आहे. बाबांनी टेबलाखाली वाकून सांधे बघितले. ओक. काळा पडलेला, दगडासारखा. टर्नरच्या चित्रातलं पांढुरकं भूत आणि हे टेबल, दोन्ही एकाच जहाजाचं म्हणतात. चित्र बघायला रोज शेकडो माणसं, इथे आम्ही दोघं आणि झाडू मारणारे एक गृहस्थ.

बुधवार : पोर्ट्समथ

वॉटर्लूहून रेल्वेने पोर्ट्समथ हार्बरला उतरलं की गोदी समोरच. आधी ‘मेरी रोझ’ बघितलं, आठव्या हेन्रीचं. १५४५ मध्ये त्याच्या डोळ्यांदेखत, बंदराच्या तोंडाशीच बुडालं. सुमारे पाचशे माणसांतली पस्तीसही वाचली नाहीत. १९८२ मध्ये निम्मं जहाज वर काढलं; उरलेलं निम्मं समुद्राने खाल्लं होतं. लाकूड वाळून तडकू नये म्हणून कित्येक वर्षं त्यावर आधी पाणी आणि मग मेणासारखं रसायन फवारत होते. आता ते कोरडं, काळोख्या दालनात काचेपलीकडे उभं आहे, उभा चिरलेल्या फणसासारखं, आतले सगळे मजले उघडे. समोरच्या बाजूला त्या त्या मजल्यावर सापडलेल्या वस्तू: धनुष्यं, सुताराची हत्यारं, उवांच्या फण्या, आणि एका छोट्या कुत्र्याचा सांगाडा.

मग ‘व्हिक्टरी’. बाहेरून ती सध्या दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. मचाणं आणि आच्छादन. मोठी दुरुस्ती चालू आहे, अनेक वर्षं चालणार आहे. बाहेरच्या फळ्या काढून आतलं कुजलेलं, भुंग्यांनी पोखरलेलं लाकूड बदलताहेत. काही पर्यटक हिरमुसलेले दिसले. बाबा मात्र मचाणावर गेले आणि परत यायलाच तयार नाहीत. फळी काढलेल्या जागी आतल्या बरगड्या दिसत होत्या, जुनी काळी आणि शेजारी नवी पिवळी.

१७५९ मध्ये चॅटमला या जहाजाचा तळाचा वासा ठेवला, १७६५ मध्ये ते पाण्यात उतरलं. सुमारे सहा हजार झाडं लागली, बहुतेक ओक. ट्रॅफल्गरच्या दिवशी यावर आठशेच्या वर माणसं होती. तोफांच्या मजल्यावर प्रत्येकाला झोळी टांगायला चौदा इंच रुंदीची जागा. लोकलने चर्चगेटला गेलेल्या माणसाला हे ऐकून फारसा धक्का बसत नाही.

डेकवर जिथे नेल्सनला गोळी लागली तिथे पितळी पाटी आहे. दुपारी सव्वा एकच्या सुमारास लागली, खाली नेलं, साडेचारला प्राण गेला. ते ‘खाली’ म्हणजे काय, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. पाण्याच्या पातळीखालचा मजला, अंधार, छत इतकं खाली की मला, पाच फूट दोन इंचांच्या बाईला, मान घालून चालावं लागलं.

या मृत्यूची दोन चित्रं प्रसिद्ध आहेत. बेंजामिन वेस्टने नेल्सनला वर डेकवर, उजेडात, माणसांच्या गर्दीत मरताना दाखवलं. सेनापतीला तळघरात सामान्य माणसासारखं मरताना दाखवू नये असं त्याचं मत होतं. आर्थर डेव्हिस मात्र कष्टाळू. हा आधी हिंदुस्थानात राहून कंपनीच्या लोकांची चित्रं काढून गेलेला. ‘व्हिक्टरी’ नेल्सनचं शव घेऊन परतली तेव्हा तो जहाजावर जाऊन राहिला, मोजमापं घेतली, हजर असलेल्यांचे चेहरे काढले. आणि एवढं करून छत उंच काढलं. उभी माणसं मावायला पाहिजेत ना!

ते चित्र मी सोमवारी ग्रिनिचला बघितलं होतं, कंदिलाचा उजेड आणि पांढरी चादर, जवळजवळ देवघरासारखं. इथे वाकून उभी राहिले तेव्हा त्या उंच छताचा मला राग आला नाही, पण खरी जागा बघितल्यावर चित्र पातळ वाटायला लागलं हे खरं.

बाबांचा प्रश्न वेगळाच. बाहेर आल्यावर म्हणाले, “एवढं सगळं बदलत आले, मूळ लाकूड किती उरलं असेल? मग ही तीच बोट का?” मी म्हटलं, तुम्हीच सांगा, तुम्ही आयुष्यभर बोटींच्या प्लेटी बदलल्यात. “कागदावर तीच,” बाबा म्हणाले. “नंबर बदलत नाही तोवर तीच.”

गुरुवार : हार्टलपूल

हार्टलपूलला पर्यटक म्हणून कुणी सहसा जात नाही. किंग्ज क्रॉसहून तीनेक तास उत्तरेला, समुद्रकाठचं उतरलेलं औद्योगिक गाव. नेपोलियनच्या काळात इथल्या लोकांनी किनाऱ्याला लागलेल्या एका माकडाला फ्रेंच हेर समजून फाशी दिलं अशी दंतकथा आहे, आणि गावकरी ती स्वतःच हौसेने सांगतात.

आम्ही गेलो ते ‘एचएमएस त्रिंकोमाली’साठी. ब्रिटनचं तरंगतं असलेलं सर्वांत जुनं लढाऊ जहाज. ‘व्हिक्टरी’ वयाने मोठी, पण ती कोरड्या गोदीत. ही पाण्यात आहे. आणि ही मुंबईत बांधलेली आहे.

नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडचा ओक संपत आला तेव्हा नौदलाने मुंबईकडे मागणी नोंदवली. मलबारचं सागवान, वाडियांची गोदी. १८१६ मध्ये काम सुरू झालं, पारशी रिवाजाप्रमाणे तळाच्या वाशात चांदीचा खिळा ठोकून. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरलं. खर्च २३,००० पौंड. तारीख वाचताना मी थबकले. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची. मुंबईत हे जहाज उतरवून महिना झाला नाही तोच पुण्याजवळ पेशवे ही लढाई हरले.

पण युद्धाचं हे जहाज युद्ध संपल्यावर तयार झालं. १८१९ मध्ये पोर्ट्समथला पोचलं आणि तिथे १८४५ पर्यंत नुसतं राखीव पडून राहिलं. मग दहा वर्षं वेस्ट इंडीज, उत्तर अमेरिका, पॅसिफिक अशी गस्त. पुढे प्रशिक्षणाचं जहाज, मग भंगारवाल्याला विक्री. तिथून १८९७ मध्ये व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थाने सोडवून घेतलं, नाव बदलून ‘फुद्रुवायां’ ठेवलं, आणि पिढ्यान् पिढ्या मुलं त्यावर दोर-शिडं शिकली. १९८७ मध्ये ते हार्टलपूलला आणून दुरुस्तीला घेतलं, १९९२ मध्ये जुनं नाव परत दिलं, २००१ मध्ये काम पुरं झालं.

नाळेवर फेटा बांधलेल्या हिंदी माणसाचा पुतळा आहे. बाबांनी त्याला हात वर करून रामराम केला.

मग आत. तोफांचा मजला लांबलचक, रंग पांढरा-पिवळा. बाबा गाईडचं ऐकतच नव्हते. तळहात लाकडावर ठेवून चालत होते. एके ठिकाणी थांबले. “हे जुनं आहे. वाकसाचे घाव बघ.” वाकस म्हणजे लाकूड तासायचं हत्यार; तुळईवर खरंच उथळ, शंखाच्या पाठीसारखे वळसे होते, रंगाच्या थरांखालीही जाणवणारे. जहाजावर स्वयंसेवक म्हणून काम करणारे एक आजोबा जवळ आले. त्यांनी बाबांना काहीतरी विचारलं, बाबांनी मोडक्या इंग्रजीत आणि हाताने वाकस कसा मारतात ते दाखवलं, पायांच्या मधे, स्वतःच्या दिशेने. आजोबांनी उत्तरादाखल स्वतःचे हात पुढे केले. तेही आयुष्यभर इथल्याच जहाज-कारखान्यात होते. पुढची पंचेचाळीस मिनिटं माझी कुणाला गरज पडली नाही.

ते दोघं काय बोलले ते मला तुकड्यातुकड्याने कळलं. ओकमध्ये आम्ल असतं, लोखंडी खिळा त्यात गंजतो. सागवानात तेल असतं, खिळा टिकतो. ‘व्हिक्टरी’त जे सारखं बदलावं लागतं ते इथे बरंचसं मूळचंच राहिलंय, ते या तेलामुळे. सागवानाची एकच तक्रार खलाशी करायचे, गोळा लागून उडालेली ढलपी अंगात घुसली तर जखम चिघळते. या जहाजाला तसा गोळा खावा लागला नाही.

मी मात्र चित्र शोधत होते. टर्नरने ‘टेमेरेअर’ला अमर केलं, नेल्सनमुळे ‘व्हिक्टरी’ची चित्रं ढिगाने. ‘त्रिंकोमाली’ने मोठी लढाई केली नाही, म्हणून मोठा चित्रकारही तिच्या वाट्याला आला नाही. ज्या जहाजाचं ब्रिटनमधलं सर्वांत लाडकं चित्र झालं, त्याची थोडीफार लाकडी सामानंच उरली. जिच्याकडे चित्रकारांनी बघितलं नाही ती अख्खी तरंगतेय. पोर्ट्समथमध्ये बाबांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला इथे जरा वेगळं वाटायला लागलं. नंबराचं काय, या जहाजाचं नावसुद्धा नव्वद वर्षं दुसरंच होतं.

माहितीच्या फलकावर जमशेटजींचं नाव आहे. सुतारांची नावं नाहीत. बाबांनी ते आजोबांना विचारलंच, नोंद असेल का कुठे? आजोबा म्हणाले, त्यांच्या स्वतःच्या कारखान्यातल्या रिव्हेट मारणाऱ्यांची तरी कुठे आहे.

परतीच्या गाडीत मी विचारलं, मुंबईची ती गोदी बघितलीय का तुम्ही, जिथे हे बांधलं? ती आता नौदलाकडे आहे, लायन गेटच्या आत.

“दोन-तीनदा गेलो होतो कामाला,” बाबा म्हणाले. “पण पास कामापुरता. थांबून बघायचं नाही, फोटो नाही. साहेब बरोबर असायचा.” मग डब्यातून आणलेला चिवडा काढला आणि वर्तमानपत्राच्या कागदावर ओतत म्हणाले, “इथे कसं, तिकीट काढलं की झालं.”